कॉलेजच्या आवारातला पहिला तास

महाविद्यालये सुरू होण्याचे दिवस आणि दरडी कोसळण्याचे दिवस आपल्या भागात एकच. जून-जुलैत प्रवेशाची धावपळ चाललेली असते आणि त्याच सुमारास सावित्री, गांधारी व काळ या नद्या फुगू लागतात, घाटात दगडमाती रस्त्यावर येते. मुलाला कोणती शाखा मिळाली, फी किती, वसतिगृहात खोली कितव्या मजल्यावर, जेवण कसे, हे सारे पालक बारकाईने विचारतात. पण ‘रात्री दोन वाजता एखाद्या मुलाला साप चावला, तर तुमच्याकडे काय व्यवस्था आहे?’ असे विचारणारा पालक क्वचितच भेटतो. या आठवड्यात आपण याच प्रश्नाचा विचार करू.

आपल्या जवळच लोणेरे येथे १९८९ साली स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. महाडमध्ये आणि पोलादपुरात महाविद्यालये आहेत. अशा संस्थेचे आवार म्हणजे एक लहानसे गावच. तेथे राहण्याच्या खोल्या असतात, भोजनालय असते, गॅसच्या टाक्या, प्रयोगशाळेतील आम्ले, कार्यशाळेतील यंत्रे, विजेचे खांब, पाण्याची टाकी, मैदान आणि मैदानाकडेचे गवत असते. गावात जे धोके, तेच येथेही. फरक एवढाच, की गावातील माणसे एकमेकांना पिढ्यान् पिढ्या ओळखतात. पाणी कोठवर चढते, मागच्या टेकडीचा कोणता भाग हलका आहे, हे तेथील म्हाताऱ्यांना ठाऊक असते. कॉलेजात मात्र दर जूनमध्ये शेकडो नवी मुले येतात आणि त्यांतील बऱ्याच जणांना विजेचे मुख्य बटण कोठे आहे हेही माहीत नसते. म्हणून गावात जे अनुभवाने होते, ते कॉलेजात शिकवून आणि सराव करून घ्यावे लागते.

पहिला तास कुणाचा?

‘आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. आपल्या डोंगराळ भागात ती अक्षरशः खरी ठरते. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यात तळिये येथे दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही त्याच अतिवृष्टीत दरडींनी बळी घेतले. महाड शहर पाण्याखाली होते, रस्ते बंद होते, फोन लागत नव्हते. मदत पथकांची इच्छा आणि साधने असूनही तळियेपर्यंत पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते या गावांवर दरडी आल्या, तेव्हाही वाट चिखलाने आणि पाण्याने अडवली होती.

या घटनांतून एकच धडा घ्यायचा आहे. बाहेरची मदत येईल, पण ती पहिल्या तासात येईलच असे नाही. हृदय थांबलेल्या माणसाचा निकाल काही मिनिटांत लागतो, रक्तस्रावाचा अर्ध्या तासात, सर्पदंशाचा काही तासांत. म्हणजे जीव वाचवणारा पहिला मनुष्य बहुधा डॉक्टर नसतो. तो शेजारच्या बाकावरील विद्यार्थी, वसतिगृहाचा रेक्टर, प्रयोगशाळा सहायक, भोजनालयातील आचारी किंवा फाटकावरील वॉचमन असतो. आवाराची तयारी म्हणजे या माणसांची तयारी. भिंतीवर टांगलेली, वर्षानुवर्षे न उघडलेली पेटी म्हणजे तयारी नव्हे.

पाच गोष्टी तयार हव्यात

१. यादी. आवारात आत्ता किती माणसे आहेत, हे कोणत्याही क्षणी सांगता आले पाहिजे. वसतिगृहाची रोजची हजेरी रात्री घ्यावी आणि तिची एक प्रत फाटकावर ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याचा रक्तगट, पालकांचा दूरध्वनी आणि दमा, फेफरे, मधुमेह, हृदयविकार किंवा एखाद्या औषधाची वावडी असल्यास त्याची नोंद हवी. ही माहिती खाजगी असते, म्हणून ती सूचना फलकावर लावू नये. रेक्टर आणि जबाबदार प्राध्यापकांकडे बंद पाकिटात ठेवावी.

२. जागा. धोक्याची घंटा झाली की सर्वांनी कोठे जमायचे, हे आधी ठरलेले असावे. आगीसाठी मोकळे मैदान चांगले. पुरासाठी तेच मैदान सखल असेल तर घातक. दरडीच्या भीतीसाठी डोंगराच्या पायथ्यापासून आणि ओढ्याच्या वाटेपासून दूरची जागा हवी. तेव्हा एक नव्हे, तर प्रसंगानुसार दोन जागा ठरवाव्यात आणि नवीन विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात त्या चालत नेऊन दाखवाव्यात. महाडसारख्या पुराच्या गावात जनरेटर, कागदपत्रे, औषधे आणि प्रयोगशाळेतील रसायने तळमजल्यावर ठेवू नयेत. भरतीच्या वेळी बाणकोटच्या खाडीचे पाणी वर चढते, नदीचे पाणी खाली जायला वाट उरत नाही आणि मग ते शहरात बघता बघता वाढते, हे लक्षात असू द्यावे.

३. पेटी आणि साधने. प्रथमोपचाराची पेटी कार्यालयात एक, प्रत्येक वसतिगृहात एक, प्रयोगशाळेत एक आणि मैदानावर एक असावी. तिला कुलूप नसावे. निर्जंतुक कापूस व जाळीच्या पट्ट्या, रुंद बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, हातमोजे, कात्री, जंतुनाशक द्रव, जलसंजीवनीची पाकिटे, उष्णतामापक आणि हाड मोडल्यास बांधायला फळ्या एवढे त्यात पुरे. शिवाय स्ट्रेचर, बॅटऱ्या, शिट्ट्या, हातातील भोंगा, दोरखंड, पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि भारलेली पॉवर बँक ठेवावी. हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी नावाचे स्वयंचलित यंत्र घेणे परवडत असेल तर उत्तमच. ते चालवणाऱ्याला यंत्रच बोलून सूचना देते. दर तीन महिन्यांनी एका ठरलेल्या माणसाने पेटी उघडून मुदती तपासाव्यात आणि सही करावी.

४. संपर्क. पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय अशा सर्व मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशमनासाठी १०१, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, गॅस टाकीच्या गळतीसाठी १९०६. हे आकडे मोठ्या अक्षरांत प्रत्येक मजल्यावर लावावेत. त्यांच्याखाली जवळच्या रुग्णालयाचा आणि गावातील गाडीवाल्याचा क्रमांकही लिहावा. फोनवर काय बोलायचे तेही शिकवावे. आधी ठिकाण आणि ओळखीची खूण, मग काय घडले, किती जण, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का. समोरचा सांगेपर्यंत फोन ठेवू नये. नेटवर्क गेल्यास निरोप घेऊन दुचाकीवर कोण निघेल, तेही आधी ठरवावे.

५. सराव. वर्षातून निदान दोनदा आवार रिकामे करण्याचा सराव करावा. त्यातील एक सराव वसतिगृहात रात्री, दिवे घालवून करावा. राष्ट्रीय सेवा योजना आणि एन.सी.सी. यांची मुले या कामात पुढे येतात. घंटा झाल्यापासून शेवटचे डोके मोजेपर्यंत किती मिनिटे लागली, हे लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळी ती मिनिटे कमी करावीत.

प्रसंग आला तर

माणूस कोसळला. हाक मारून, खांदे हलवून पाहावे. प्रतिसाद नाही आणि नीट श्वास नाही, असे दिसताच एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छाती दाबायला सुरुवात करावी. रुग्णाला कठीण जागेवर उताणे झोपवून, छातीच्या मध्यभागी एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवून, कोपर ताठ ठेवून, सुमारे दोन इंच खोल दाबावे. वेग मिनिटाला १०० ते १२०. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण थकलेल्या हाताचा दाब कमी पडतो. पाण्यात बुडालेल्याला दाबाबरोबर तोंडाने श्वास देणेही महत्त्वाचे असते. म्हणून त्याचे रीतसर शिक्षण काही जणांनी तरी घ्यावे. बुडालेल्याचे पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये.

फेफरे आले. प्रार्थनेच्या रांगेत किंवा परीक्षेच्या दालनात हा प्रसंग हमखास येतो. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करून डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि झटके थांबताच कुशीवर वळवावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत किंवा लागोपाठ आले, तर रुग्णालयात हलवावे.

सर्प आणि विंचू. आपल्या भागात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. जखमेची खूण व वेदना जवळजवळ नसतेच. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे ही लक्षणे दिसली तर दंशाची शंका घ्यावी. म्हणून वसतिगृहात कुणीही जमिनीवर झोपू नये आणि मच्छरदाणी नीट खोचावी. दंशानंतर करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने चोखू नये, मांत्रिकाकडे जाऊ नये, साप मारून आणण्यातही वेळ दवडू नये. अंगठी, कडे, घड्याळ काढावे. हात वा पाय फळीने स्थिर करावा. रुग्णाला चालू देऊ नये आणि थेट रुग्णालयात न्यावे. कोणत्या रुग्णालयात सर्पविषावरील लस ठेवलेली असते, याची चौकशी संस्थेने पावसापूर्वीच करून ठेवावी.

विंचवाबद्दल तर महाडने जगाला शिकवले आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचवाच्या दंशाने मुले आणि तरुण माणसे हृदयावर परिणाम होऊन दगावतात, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून टिपले. प्राझोसिन या औषधाचा वापर त्यांनी रूढ केला आणि गंभीर रुग्णांत शेकड्याला पंचवीस-तीसच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण खूपच खाली आले. त्यांचे लेखन लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकात छापले गेले आणि २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण एवढेच ध्यानात ठेवावे : विंचू चावल्यावर दरदरून घाम, ओकाऱ्या आणि गार पडलेले हातपाय दिसले, तर नुसते वेदनेचे इंजेक्शन पुरत नाही. रुग्णाला विनाविलंब डॉक्टरांपर्यंत न्यावे.

रसायन आणि भाजणे. डोळ्यात वा अंगावर आम्ल उडाले तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे धुवावे. आम्लावर अल्क टाकण्याचा प्रयोग अंगावर करू नये, त्याने उष्णता वाढते. भाजलेल्या जागीही वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद काही लावू नये, फोड फोडू नयेत.

वीज आणि आग. विजेला चिकटलेल्या माणसाला हात लावण्यापूर्वी मुख्य बटण बंद करावे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये, तेथे कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या भुकटीचे नळकांडे वापरावे. खीळ काढावी, नळी ज्वाळांच्या मुळाशी धरावी, मूठ दाबावी आणि नळी डावी-उजवीकडे फिरवावी. धुरात उभे राहू नये. वाकून किंवा रांगत बाहेर यावे, लिफ्ट वापरू नये.

वायुगळती. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तेथील एका औषधनिर्मिती कारखान्यातील स्फोट व आगीत अकरा कामगारांचा बळी गेला. वसाहतीजवळच्या शाळा-महाविद्यालयांनी वायूचा वास येताच वाऱ्याच्या दिशेने पळू नये, वाऱ्याला आडवे जाऊन बाजूला व्हावे. बाहेर पडणे शक्य नसेल तर खिडक्या-दारे लावून, फटींत ओली फडकी घालून प्रशासनाच्या सूचनेची वाट पाहावी. झेंड्याच्या काठीवर कापडाची एक पट्टी बांधून ठेवली, तर वारा कोणीकडे वाहतो हे सर्वांना दिसते. खर्च काहीच नाही.

पाणी ओसरल्यावर

पूर गेला म्हणजे धोका गेला असे नाही. २०२१ च्या पुरानंतर महाडमधील चिखल काढायला ठिकठिकाणचे तरुण आले होते. अशा सेवेला जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी गमबूट आणि रबरी हातमोजे घालावेत, पायावरील जखम झाकावी. उंदीर व गुरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. चिखलात उतरल्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत, कधी महिन्याभरातही, ताप येतो. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. असा ताप साधा समजून अंगावर काढू नये. ‘मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे, त्याने निदान लवकर होते. प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन द्यावे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. जखम झाली असल्यास धनुर्वाताची लस घ्यावी. टाकी धुऊन, क्लोरीन टाकूनच पाणी प्यावे, नाहीतर उकळावे. जुलाब लागल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी वरचेवर पाजावे.

सहल आणि शिबिर

कॉलेजची जबाबदारी फाटकाशी संपत नाही. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची महाबळेश्वरला निघालेली बस पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात शेकडो फूट खोल दरीत कोसळली. वाचलेल्या एकमेव प्रवाशाने दरी चढून वर आल्यावर बातमी कळवली, म्हणून ती लवकर कळली. गाडीत नेमके किती जण होते, याचे आकडे सुरुवातीच्या बातम्यांत वेगवेगळे होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. म्हणून निघण्यापूर्वी गाडीतील प्रत्येकाच्या नावाची यादी कार्यालयात ठेवावी, वाटेतील ठराविक ठिकाणांहून फोन करावा, आणि ठरल्या वेळी फोन आला नाही तर कोणी काय करायचे हेही ठरवावे. ऐन पावसात घाटातील सहल पुढे ढकलण्यात कमीपणा नाही. समुद्रात उतरण्याआधी भरती-ओहोटीची वेळ आणि स्थानिक कोळ्यांचा सल्ला विचारावा.

मनाचा प्रसंग

निकालाच्या दिवसांत, घरापासून दूर राहणारा एखादा मुलगा किंवा मुलगी अचानक गप्प होते, जेवण सोडते, आपल्या वस्तू वाटून टाकते, ‘आता काही अर्थ नाही’ असे बोलते. हाही आपत्कालीन प्रसंगच आहे. त्याची चेष्टा करू नये, उपदेशही करू नये. त्याला एकटे सोडू नये, ऐकून घ्यावे आणि रेक्टर किंवा घरच्यांना कळवावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो. तेथे मराठीतही बोलता येते.

स्वतःची परीक्षा

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या आवारातील व आवाराबाहेरील सुरक्षिततेबाबत मार्गदर्शक सूचना काढलेल्या आहेत. तेव्हा असे प्रश्न विचारणे म्हणजे संस्थेवर अविश्वास दाखवणे नव्हे. विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांनी पुढील सात प्रश्नांची उत्तरे न विचारता, न शोधता देता येतात का ते पाहावे.

१. माझ्या खोलीपासून सर्वांत जवळचे बाहेर पडण्याचे दार कोणते, आणि ते रात्री उघडे असते का?
२. विजेचे मुख्य बटण कोठे आहे?
३. प्रथमोपचाराची पेटी कोठे आहे आणि ती शेवटची कधी तपासली?
४. रात्री रुग्ण न्यायला गाडी कोणाची आणि चालवणार कोण?
५. सर्पविषावरील लस कोणत्या रुग्णालयात मिळेल?
६. छाती दाबण्याचे शिक्षण घेतलेली किती माणसे आवारात आहेत?
७. पूर, आग आणि दरड यांसाठी जमण्याच्या जागा कोणत्या?

सातांपैकी पाचांची उत्तरे आली तर संस्था जागी आहे असे समजावे. दोन-तीनच आली तर प्राचार्यांकडे जाऊन आदराने पण स्पष्टपणे विचारावे, आणि नुसते विचारून न थांबता सरावाच्या दिवशी स्वतः हजर राहावे. पावसाळा दरवर्षी येणारच. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा, उन्हाळ्याच्या सुट्टीतच हे काम उरकून घेतलेले बरे.